मोबाइलवरचे हेलपाटे: वेगवान आणि हलके वेब अ‍ॅप कसे घडते

समजा, कांद्याचे रोजचे बाजारभाव दाखवणारे एक वेब अ‍ॅप आपल्याला बांधायचे आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चाकण, सोलापूर अशा बाजार समित्यांची नावे आणि प्रत्येक नावासमोर कांद्याची जात, क्विंटलमधील आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर व सर्वसाधारण दर, एवढीच माहिती त्यात द्यायची आहे. चाळीस ओळींचा असा तक्ता साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या मूळ भाषेत, लिहिला, तर तो १० केबीच्या आत बसतो. दुसरीकडे, जगभरातील लाखो संकेतस्थळांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी अर्काइव्ह या प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार मोबाइलवर उघडणाऱ्या मध्यम वजनाच्या पानाचा बोजा २ एमबीच्या पुढे गेलेला आहे. म्हणजे वाचणाऱ्याला हवी असलेली माहिती आणि तिच्यासोबत त्याच्या फोनवर उतरवले जाणारे सामान यांत दोनशे पटींचे अंतर सहज पडू शकते.

वजन म्हटले की आपले लक्ष फाइलीच्या आकाराकडे जाते. तो महत्त्वाचा आहेच, पण मोबाइलवर पान तीन वेगवेगळ्या ठिकाणी जड होते: नेटवर्कवर घालाव्या लागणाऱ्या फेऱ्यांत, फोनच्या प्रोसेसरला कराव्या लागणाऱ्या कामात, आणि बोट पडद्यावर टेकल्यापासून पडद्याने प्रतिसाद देईपर्यंतच्या क्षणात. केबी आणि एमबीचे आकडे यांपैकी पहिल्या ठिकाणचे काहीसे खरे चित्र देतात, दुसऱ्या ठिकाणचे अर्धवट देतात आणि तिसऱ्याचे मुळीच देत नाहीत. म्हणूनच आकाराने लहान असूनही अडखळणारी अ‍ॅप्स बांधली जातात, आणि बांधणाऱ्यांना ती का अडखळतात हे कळत नाही.

पहिले ठिकाण समजून घेण्यासाठी सरकारी कचेरीतून दाखला काढण्याचे काम डोळ्यांसमोर आणावे. दाखला एका पानाचा असतो आणि तो लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो हेलपाट्यांत. एकदा जाऊन खिडकी कोणती ते विचारायचे, परत येऊन कागद घेऊन जायचे, मग शिक्क्यासाठी पुन्हा यायचे. फोन आणि सर्व्हर यांच्यातही असेच घडते. आपण पत्ता टाइप करतो तेव्हा त्या नावाचा सर्व्हर कुठे आहे हे विचारण्यासाठी डीएनएसकडे, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे, एक हेलपाटा होतो. सर्व्हर सापडल्यावर त्याच्याशी जोडणी जुळवण्यासाठी दुसरा होतो. ती जोडणी सुरक्षित करण्यासाठी, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत जे कुलूप दिसत असे त्यासाठी, आणखी एक होतो. ही सुरक्षितता देणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या जुन्या १.२ आवृत्तीत तर दोन होत असत, आणि २०१८ साली आलेल्या १.३ आवृत्तीने त्यांतला एक वाचवला. त्यानंतर चौथ्या फेरीत "मला हे पान दे" ही खरी मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचते. रेंज कमी असलेल्या जागी एका हेलपाट्याला ३०० मिलिसेकंद लागत असतील, तर पानाचे पहिले अक्षर फोनवर येण्याआधीच जवळजवळ सव्वा सेकंद संपलेला असतो. पान १० केबीचे असो वा १ एमबीचे, हा सव्वा सेकंद दोघांनाही सारखाच लागतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यापासून भारतात डेटा स्वस्त झाला आणि दर सेकंदाला वाहून येणाऱ्या माहितीचे प्रमाणही वाढले, म्हणून हेलपाट्यांचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. रस्ता चौपदरी केल्याने एका वेळी जास्त गाड्या जातात, पण तालुक्याचे अंतर कमी होत नाही. स्वस्त डेटाने रस्ता रुंद केला. टॉवरपासून दूर असलेल्या वस्तीत, भरगच्च लोकलमध्ये किंवा बाजाराच्या आवारात हजारो फोन एकाच टॉवरवर असताना एका फेरीला लागणारा वेळ मात्र लांबलेलाच राहतो.

शिवाय सर्व्हर सगळे सामान एकदम पाठवत नाही. रस्ता किती भार पेलतो याचा अंदाज नसल्यामुळे तो सुरुवातीला साधारण १४ केबी पाठवतो, ते पोहोचल्याची पावती आली की दुप्पट पाठवतो, पुन्हा पावती आली की आणखी दुप्पट. म्हणजे पहिल्या खेपेत १४, दुसऱ्या खेपेअखेर ४२ आणि तिसऱ्या खेपेअखेर ९८ केबी पोहोचतात. यातून अ‍ॅप बांधणाऱ्याला एक अतिशय उपयुक्त मर्यादा मिळते: पानाचा जो भाग वाचणाऱ्याला सर्वांत आधी हवा आहे, तो दाबून म्हणजे कॉम्प्रेस करून १४ केबीत बसवला, तर तो पहिल्याच खेपेत पोहोचतो. आपला भावांचा तक्ता, त्याला लागणारी थोडी सजावट आणि वरची शीर्षकाची पट्टी हे सगळे मिळून त्यात आरामात बसते.

प्रत्यक्षात मात्र ते तसे बसवलेले नसते. आजच्या पुष्कळ अ‍ॅप्समध्ये सर्व्हरकडून येणारे पहिले एचटीएमएल जवळजवळ रिकामे असते. ते एका जावास्क्रिप्ट फाइलीकडे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामकडे, बोट दाखवते. ती फाइल आली की चालू होते आणि मग भावांची माहिती मागवायला दुसऱ्याच पत्त्यावरील सर्व्हरकडे जाते, जिथे डीएनएस, जोडणी आणि सुरक्षितता हे सर्व हेलपाटे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागतात. त्यात फॉन्ट तिसऱ्या पत्त्यावरून, जाहिराती चौथ्या पत्त्यावरून आणि वाचकांची मोजदाद करणारी स्क्रिप्ट पाचव्या पत्त्यावरून येते. जून २०२२ मध्ये प्रमाणित झालेली एचटीटीपी/३ ही पद्धत जोडणी आणि सुरक्षितता यांचे हेलपाटे एकत्र करते, पण एकामागून एक लावलेली अशी साखळी ती तोडू शकत नाही. साखळी तोडणे हे बांधणाऱ्याचे काम आहे: तक्ता सर्व्हरवरच भरून एचटीएमएलमध्ये पाठवावा, पहिल्या नजरेला लागणारी सजावट त्याच फाइलीत लिहावी, आणि शक्य ते सर्व एकाच पत्त्यावरून द्यावे. ही युक्ती नवी नाही. वेब सुरुवातीपासून असेच चालत आले होते. मध्यंतरीच्या काळात आपण ते विसरलो.

दुसरे ठिकाण प्रोसेसरचे, आणि माझ्या मते आजचे सर्वांत दुर्लक्षित दुखणे इथेच आहे. २०० केबीचे छायाचित्र आणि २०० केबीची जावास्क्रिप्ट नेटवर्कच्या दृष्टीने सारखीच असतात, पण फोनवर उतरल्यावर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. छायाचित्र उलगडून पडद्यावर रंगवले की त्याचे काम संपते, आणि त्या कामाने बाकीचे पान सहसा अडत नाही. जावास्क्रिप्ट मात्र आधी उलगडावी लागते, तेव्हा ती तीन-चार पट फुगते. मग ती ओळीओळीने वाचून तिचा अर्थ लावावा लागतो, तिचे यंत्राला कळेल अशा सूचनांत रूपांतर करावे लागते आणि शेवटी ती चालवावी लागते. यातले चालवण्याचे काम जिथे होते त्याला मेन थ्रेड म्हणतात. स्पर्शाला उत्तर देणे आणि पानाची मांडणी करणे हीसुद्धा त्याच मेन थ्रेडची कामे आहेत. एकाच माणसाने गल्ला सांभाळायचा, माल मोजायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे अशा दुकानासारखी ही स्थिती असते. तो आत पोती लावत असेल तर गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत राहते.

फोनच्या जाहिरातीत आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग, लिहिलेले असतात, त्यामुळे हा भार वाटला जात असेल असा समज होतो. मेन थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर चालतो, म्हणून पानाची चपळाई ठरते ती त्या एका कोअरच्या ताकदीवर. स्वस्त फोनमध्ये नेमका तोच दुबळा असतो. महागड्या फोनवर अर्ध्या सेकंदात आटोपणारे काम साध्या अँड्रॉइड फोनवर कित्येक सेकंद घेऊ शकते, आणि उन्हात तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग आणखी कमी करतो. वेब अ‍ॅप बांधणारे बहुतेक जण मात्र ते आपल्या लॅपटॉपवर किंवा नव्या फोनवर तपासतात. दोष त्यांच्या कौशल्याचा नसतो. अडचण त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

या संदर्भात फ्रेमवर्कचा, म्हणजे बांधणीसाठी मिळणाऱ्या तयार चौकटीचा, प्रश्न हमखास निघतो. रिअ‍ॅक्टसारखी साधने गुंतागुंतीच्या अ‍ॅपसाठी अतिशय सोयीची आहेत, आणि रिअ‍ॅक्टचा मूळ गाभा दाबलेल्या रूपात ४० केबी किंवा त्याहून काहीसा अधिक भरतो. एवढ्याने पान बुडत नाही. बुडते ते त्यानंतर एकेका सोयीसाठी जोडत गेलेल्या तयार पॅकेजांमुळे: तारीख दाखवायला एक, आलेख काढायला एक, सरकत्या चित्रांना एक, खिडकी उघडायला एक. प्रत्येक वेळी "एवढ्याने काय होते" असे म्हणत बोजा वाढतो. ज्यांना रिअ‍ॅक्टची पद्धत हवी आहे पण वजन नको, त्यांच्यासाठी सुमारे ४ केबींचे प्रिअ‍ॅक्ट उपलब्ध आहे. आपल्या भावांच्या तक्त्याला मात्र यांपैकी कशाचीच गरज नाही. समितीच्या नावाने ओळी गाळण्यासाठी वीस-तीस ओळींची साधी जावास्क्रिप्ट पुरते, आणि ती चालली नाही तरी तक्ता दिसतो. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये ५१२ एमबी रॅम आणि २.४ इंची पडदा होता, आणि त्यावरील कायओएस या प्रणालीतील अ‍ॅप्स वेबच्याच तंत्राने बांधलेली असत. तिथे साध्या एचटीएमएलची किंमत बांधणाऱ्यांना चांगलीच कळली.

जावास्क्रिप्टवर अवलंबून असलेल्या पानाचा एक फसवा प्रकार आवर्जून सांगितला पाहिजे. काही फ्रेमवर्क्स आता सर्व्हरवर पान तयार करून पाठवतात, त्यामुळे ते लवकर दिसते. पण बटणांना जीव येण्यासाठी तीच सगळी जावास्क्रिप्ट नंतर उतरते आणि पूर्ण पानावरून पुन्हा एकदा फिरते. या मधल्या काळात पान दिसते, पण चालत नाही. वापरणारा माणूस बटण दाबतो, काही होत नाही, तो पुन्हा दाबतो, आणि चार सेकंदांनी दोन्ही दाबणी एकदम लागू होतात. पैसे भरण्याच्या पानावर हे घडले तर त्या माणसाची काय अवस्था होते, याचा विचार बांधणाऱ्याने करायला हवा. दाबल्यावर जे हमखास घडलेच पाहिजे, ते साध्या लिंकने किंवा साध्या फॉर्मने घडेल अशी व्यवस्था असावी, कारण लिंक आणि फॉर्म हे ब्राउझरला जन्मतः येतात.

चित्रांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिथले उपाय आता सर्वमान्य आहेत. वेबपी किंवा एव्हीआयएफ हे कमी जागेत मावणारे स्वरूप वापरावे, पडद्याच्या रुंदीनुसार वेगवेगळ्या आकारांच्या प्रती ठेवाव्यात, खाली सरकल्यावर दिसणारी चित्रे ब्राउझरच्या लेझी लोडिंगवर, म्हणजे गरज पडेल तेव्हाच उतरवण्याच्या सोयीवर, सोपवावीत, आणि प्रत्येक चित्राची रुंदी व उंची एचटीएमएलमध्ये लिहावी. शेवटची गोष्ट वेगाची वाटत नाही, पण ती बोटासाठी फार महत्त्वाची आहे: उंची ठाऊक नसली की चित्र आल्याबरोबर खालचा मजकूर ढकलला जातो, आणि "पुढे" या शब्दावर टेकायला निघालेले बोट मध्येच आलेल्या जाहिरातीवर टेकते.

फॉन्टचा विषय मात्र मराठी वाचकांसाठी थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण इंग्रजीतून आलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंग्रजीच्या फॉन्टमध्ये काही शेकडा आकृत्या असल्या की भागते. देवनागरीत स्वर, व्यंजने आणि मात्रा यांबरोबर जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या अशा कितीतरी आकृत्या लागतात, आणि कोणती आकृती कोणाशेजारी कशी बसवायची याचे नियमही फॉन्टमध्येच लिहिलेले असतात. त्यामुळे देवनागरी फॉन्टची एक फाइल इंग्रजीच्या फाइलीपेक्षा अनेकदा कित्येक पटींनी जड असते. आणि ठळक, साधा, पातळ अशी तीन वजने वापरली की तीन फाइली उतरतात. त्या उतरेपर्यंत काही ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकूरच दाखवत नाहीत. पानाची सजावट ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएसमधील फॉन्ट-डिस्प्ले या गुणाला स्वॅप ही किंमत दिली, तर आधी फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो आणि मग नवा फॉन्ट त्याची जागा घेतो.

पण फॉन्ट उतरवायची गरज खरोखर आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. अँड्रॉइड फोनमध्ये नोटो कुटुंबातील देवनागरी फॉन्ट असतो, आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी असतो, आणि दोन्ही वाचनाला चांगले आहेत. भावांच्या तक्त्यासाठी तेच वापरले, तर फॉन्टचे वजन शून्य होते. वृत्तपत्र किंवा साहित्यविषयक संकेतस्थळाला स्वतःचा चेहरा हवा असतो, हे मान्य आहे. मुंबईच्या "एक टाइप" या अक्षररचनाकारांच्या गटाने घडवलेले "मुक्त" आणि "बालू" यांसारखे सुंदर, सर्वांना खुले असलेले फॉन्ट त्यासाठी आहेत. ते वापरताना शीर्षकासाठी एक वजन उतरवावे आणि मजकूर फोनच्या फॉन्टवर ठेवावा, हा मला पटलेला मध्यममार्ग आहे. फाइल लहान करण्यासाठी न लागणाऱ्या आकृत्या छाटण्याची पद्धत आहे, पण छाटताना जोडणीचे नियम हरवले तर "क्ष" फुटतो, "दुसऱ्या"मधला अर्धा र तुटतो आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. अशी छाटणी केल्यावर मराठीतला मोठा मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय ती स्वीकारू नये.

याच ओघात आणखी दोन गोष्टी. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचे लिहावे, कारण काही फॉन्टांत "ल" आणि "श" यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा सांगितली तरच ती बाहेर येतात. दुसरे असे की इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेखा तुटते. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून मराठी मजकूर जड पडतो अशी शंका काहींना येते. पण त्या तीन बाइटांपैकी पहिले दोन बहुतेक चिन्हांत तेच ते असतात, त्यामुळे जीझिप किंवा ब्रॉटली या कॉम्प्रेशनच्या पद्धती त्यांना चांगलेच दाबतात. खरे जड असते ते मराठी मजकुराचे चित्र करून पानावर चिकटवणे, आणि ते ना शोधता येते, ना मोठे करून नीट वाचता येते.

आता बोटाकडे वळू. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा वेबवरील पाने संगणकाच्या पडद्यासाठी बांधलेली होती. ती लहान पडद्यावर दाखवण्यासाठी सफारी ब्राउझरने एक तोड काढली: पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे मानून त्याची मांडणी करायची, ते आक्रसून पडद्यात बसवायचे, आणि वाचणाऱ्याने दोनदा टॅप केले की तो भाग मोठा करायचा. ही सोय चांगली होती, पण तिची किंमत अशी की एकदा टॅप झाल्यावर दुसरा टॅप येतो आहे का हे पाहण्यासाठी ब्राउझरला सुमारे ३०० मिलिसेकंद थांबणे भाग पडले. इतर मोबाइल ब्राउझरांनीही तीच रीत उचलली, आणि पुढची कित्येक वर्षे वेबवरील प्रत्येक बटण उशिरा उत्तर देत राहिले. माणसाला एखादी कृती तत्काळ वाटायची असेल तर प्रतिसाद साधारण १०० मिलिसेकंदांत यावा लागतो. इथे त्याच्या तिप्पट वेळ नुसत्या वाट पाहण्यात जात होता. फोनमध्ये उतरवून बसवलेली अ‍ॅप्स चपळ आणि वेब मात्र सुस्त, ही भावना लोकांच्या मनात रुजण्यामागे या विलंबाचा मोठा वाटा होता, असे मला वाटते.

त्या काळी फायनान्शियल टाइम्सच्या एफटी लॅब्जने फास्टक्लिक नावाची छोटी जावास्क्रिप्ट लिहिली, जी बोट उचलल्याबरोबर स्वतःच क्लिक घडवून आणत असे, आणि ती जगभर वापरली गेली. पुढे ब्राउझरांनीच दुखण्याचे मूळ काढले. एखाद्या पानाने "माझी रुंदी फोनच्या रुंदीइतकीच धर" असे व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये सांगितले असेल, तर ते आक्रसलेले नसते आणि दोनदा टॅप करून मोठे करण्याची गरजही राहत नाही. म्हणून अशा पानांवर अँड्रॉइडच्या क्रोमने २०१४ साली ३२व्या आवृत्तीत, तर आयफोनच्या सफारीने २०१६ साली आयओएस ९.३ मध्ये ही वाट पाहणे सोडून दिले. आज त्यासाठी व्ह्यूपोर्टची एक ओळ पुरते, आणि जुन्या प्रकल्पांत राहून गेलेले फास्टक्लिक बिनदिक्कत काढून टाकावे. मात्र त्याच ओळीत वापरणाऱ्याला पान मोठे करण्यास बंदी घालणारे शब्द लिहिण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडावी. चाळिशी लागलेल्या माणसाला दोन बोटांनी अक्षर मोठे करता आलेच पाहिजे.

स्क्रोलची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ब्राउझर स्क्रोलचे काम मेन थ्रेडकडे न देता वेगळ्या थ्रेडवर करतो, म्हणून मेन थ्रेड गुंतलेला असतानाही पान बोटाबरोबर सरकते. पण पानावरील एखाद्या स्क्रिप्टने "स्पर्श झाला की आधी मला कळव, मी कदाचित स्क्रोल थांबवीन" असे सांगून ठेवले असेल, तर ब्राउझरला प्रत्येक वेळी तिच्या होकारासाठी खोळंबावे लागते, आणि पान बोटाला चिकटल्यासारखे वाटते. स्क्रोल थांबवायचा नसेल तर ती नोंद पॅसिव्ह असल्याचे लिहावे. हालचालींबाबतही असाच विवेक ठेवावा लागतो. पडदा सेकंदाला निदान ६० वेळा रंगतो, म्हणजे एका फ्रेमला फार तर १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखादी पट्टी सरकवताना तिची रुंदी किंवा जागा बदलली तर दर फ्रेमला अख्ख्या पानाची मांडणी नव्याने करावी लागते. तीच पट्टी सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने सरकवली, तर आधीच रंगवलेला थर नुसता हलवला जातो आणि हे काम साध्या फोनलाही झेपते.

बोट टोकदार नसते, हे लक्षात ठेवून बटणांचा आकार ठरवावा लागतो. अ‍ॅपलच्या मार्गदर्शनात किमान ४४ पॉइंट आणि गुगलच्या मार्गदर्शनात ४८ डीपी असा आकार सांगितला आहे (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरील मापाची एकके आहेत). ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांनी २४ पिक्सेल ही किमान मर्यादा ठेवली आहे, पण शेतात उभे राहून एका हाताने फोन धरणाऱ्यासाठी ती पुरेशी मानू नये. तक्त्यातील पूर्ण ओळ दाबता येण्याजोगी असावी. माउस वर नेल्यावर उघडणारी कोणतीही गोष्ट मोबाइलवर नाहीच असे समजावे. आकडा टाइप करायच्या चौकटीला आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी सूचना द्यावी, आणि चौकटीतले अक्षर १६ पिक्सेलहून लहान ठेवू नये, कारण आयफोन तसे असल्यास पान आपोआप मोठे करतो. बटण दाबल्याचा रंग मात्र तत्काळ बदलावा, उत्तर सर्व्हरकडून यायला वेळ लागणार असला तरी. आपले दाबणे पोहोचले आहे एवढे कळले की माणूस थोडा थांबायला तयार असतो.

हेलपाटे पूर्णपणे टाळण्याचा मार्ग म्हणजे सर्व्हिस वर्कर. पानापासून वेगळी, ब्राउझर आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसणारी ही एक स्क्रिप्ट असते. पानाची प्रत्येक मागणी तिच्या हातून जाते, आणि ती नेटवर्कवर पाठवायची की फोनमध्ये साठवलेली प्रत द्यायची हे ती ठरवते. क्रोममध्ये ही सोय २०१५ पासून आणि सफारीत २०१८ पासून आहे. तिच्या जोरावर बांधलेल्या, होम स्क्रीनवर ठेवता येणाऱ्या वेब अ‍ॅप्सना २०१५ साली गुगलचे अभियंते अ‍ॅलेक्स रसेल आणि डिझायनर फ्रान्सेस बेरिमन यांनी प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप हे नाव दिले, आणि त्याचे एक ठळक उदाहरण भारतातलेच आहे. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये आपले मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना अ‍ॅपकडे वळवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते फ्लिपकार्ट लाइट या नावाने नव्या पद्धतीने परत आणले. २०१७ च्या ट्विटर लाइटचा आकडाही बोलका आहे: अँड्रॉइड अ‍ॅप उतरवायला २३.५ एमबी लागत असताना वेब अ‍ॅप ६०० केबीत काम भागवत होते.

सर्व्हिस वर्कर लावताना कोणती गोष्ट किती जुनी चालेल, हे आधी ठरवावे लागते. आपल्या अ‍ॅपचा सांगाडा, सजावट आणि चिन्हे साठवणीतून द्यायला हरकत नाही, कारण ती रोज बदलत नाहीत. भाव मात्र आधी नेटवर्कवरून मागवावेत, दोन-तीन सेकंदांत उत्तर आले नाही तर साठवलेला तक्ता दाखवावा, आणि त्यावर "काल सायंकाळी ५:१० चे दर" असे ठळकपणे लिहावे. कालचा भाव आजचा म्हणून दाखवणारे अ‍ॅप कितीही वेगवान असले तरी ते माणसाचे नुकसान करते. जुनी तारीख लपवून मिळवलेला वेग घेऊ नये.

हे सगळे साधले की नाही ते मोजण्यासाठी गुगलने ठरवलेले तीन आकडे सध्या प्रचलित आहेत. पानाचा सर्वांत मोठा दिसणारा भाग २.५ सेकंदांत यावा, मजकुराची अनपेक्षित सरकासरक ०.१ या गुणांकाच्या आत राहावी, आणि स्पर्शानंतर पडद्यावर बदल दिसायला २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये. हा तिसरा निकष मार्च २०२४ मध्ये आधीच्या सौम्य निकषाच्या जागी आला. शंभर भेटींपैकी किमान पंचाहत्तर भेटींत हे आकडे पाळले गेले पाहिजेत, अशी अट आहे. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्क मुद्दाम संथ करण्याची आणि प्रोसेसर चार किंवा सहा पट मंद करण्याची सोय असते, तिचा रोज उपयोग करावा.

पण शेवटी एक खरा फोन लागतोच. घरात कुणीतरी वापरून बाजूला ठेवलेला, तीन-चार वर्षांपूर्वीचा स्वस्त अँड्रॉइड फोन घ्यावा, त्यातले इतर अ‍ॅप्स तसेच राहू द्यावेत, मोबाइल डेटा सुरू ठेवून घरातल्या सर्वांत कमी रेंजच्या कोपऱ्यात उभे राहावे आणि आपले अ‍ॅप पहिल्यांदाच उघडत आहोत असे उघडावे. अंगठ्याने तक्ता वेगाने खाली ओढावा, तो सरकत असतानाच एखादी ओळ दाबावी, परत यावे. मग फोन विमान मोडवर टाकून अ‍ॅप बंद करावे आणि पुन्हा उघडावे. लासलगावची ओळ, तिच्यासमोरचे दर आणि ते केव्हाचे आहेत हे सांगणारी वेळ त्याही स्थितीत पडद्यावर दिसायला हवी.